हृदयाच्या स्पेक्ट स्कॅनचं प्रोसेसिंग: आधी कच्च्या प्रतिमा

स्पेक्टमध्ये कॅमेरा रुग्णाभोवती फिरून शरीरातल्या किरणोत्सारी औषधाच्या प्रतिमा टिपतो. रुग्णाला टेबलावरून उतरवण्याआधीच या कच्च्या प्रतिमा चित्रपटासारख्या फिरवून पाहा. सुरगाणा-पेठहून नाशिकला आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत बोलावणं फार वाईट. हृदय दोन पिक्सेलांहून जास्त सरकलेलं दिसलं, तर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. स्कॅन पुन्हा घ्या. आतड्यातलं टेक्नेशियम (तेच किरणोत्सारी द्रव्य) हृदयाच्या खालच्या भिंतीला खेटलेलं असेल, तर पाणी पाजून, थोडं चालवून मगच स्कॅन घ्या.

पुढे बटरवर्थ फिल्टर, म्हणजे प्रतिमेतला गोंगाट गाळणारी गणिती चाळणी: कटऑफ (गाळण्याची मर्यादा) फार कमी ठेवला तर लहान दोष, म्हणजे रक्तपुरवठा कमी दिसणारे भाग, पुसले जातात, फार जास्त ठेवला तर नुसते ठिपके.

डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा) अक्ष झडपेच्या मध्यापासून टोकापर्यंत आखा, स्ट्रेस (हृदयावर ताण दिल्यावरच्या) आणि रेस्ट (विश्रांतीतल्या) स्कॅनला सारखाच. तो तिरका पडला की नसलेला दोष उमटतो. लहान हृदयात इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) खऱ्याहून जास्त येतं.