तारीख नको, पालवी बघा: बदलत्या थंडीतला हापूस

दिवाळी झाली, भात कापून झालं, पण पाऊस काही जायचं नाव घेत नाही, असं कोकणात आता वरचेवर होतं. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर 'क्यार' वादळाने कापलेलं भात भिजवलं. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान', २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी'. वादळ दूरच्या समुद्रातून निघून गेलं तरी त्याचे ढग आणि ओलावा कलमांवर उतरतोच. दसऱ्याला बाग साफ करायची, दिवाळीनंतर पहिली फवारणी, नाताळपर्यंत मोहोर, अशी वाडवडिलांपासून चालत आलेली घडी त्या काळच्या हवामानावर बसलेली होती. हवामान हललं, पण आपण अजून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघूनच पंप भरतो. हा सल्ला रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या हापूस बागायतदारांसाठी आहे. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: दुकानदाराचा फोन आला म्हणून, शेजाऱ्याने फवारलं म्हणून किंवा तारीख उलटली म्हणून कामाला लागू नका. प्रत्येक कलमाच्या फांदीच्या टोकाला काय चाललं आहे ते बघून ठरवा.

त्यासाठी आधी कलम काय करतं ते समजून घेऊ. पाऊस थांबला, जमीन सुकू लागली आणि रात्रीचा पारा १५-१६ अंशांच्या आसपास काही दिवस टिकला, की जून झालेल्या काडीच्या डोळ्यातून मोहोर निघतो. यातली 'जून झालेली' ही अट महत्त्वाची आहे. पाऊस लांबला की ओल टिकते. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलम मोहोराऐवजी नवी तांबूस पालवी काढतं. ती पालवी जून व्हायला निदान तीन महिने लागतात. तोपर्यंत कितीही थंडी पडली तरी त्या काडीतून मोहोर येण्याची आशा धरू नये. 'थंडी एवढी पडली तरी मोहोर का नाही', या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दोन महिन्यांपूर्वीच्या पावसात असतं.

म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस काढा आणि रंगाचा डबा घेऊन बागेत फिरा. ज्या कलमांची पालवी गडद हिरवी आहे, पान चुरगळलं तर कडकडतं आणि टोकाचा डोळा फुगीर दिसतो, त्यांच्या बुंध्यावर पांढरा पट्टा ओढा. ज्यांच्यावर तांबूस किंवा पोपटी कोवळी पालवी आहे, त्यांना लाल पट्टा. काही कलमं अर्धी अशी, अर्धी तशी निघतील. त्यांना दोन्ही पट्टे. कातळावरच्या बागेत पाणी लवकर निचरतं, त्यामुळे पांढरे पट्टे जास्त दिसतील. खालच्या मातीच्या भाटात लाल जास्त. हे एकदा केलंत की यंदा तुमची बाग एक नसून दोन-तीन बागा आहेत हे डोळ्यांना दिसेल. फवारणी, पाणी, राखण, मजूर, सगळं त्या हिशेबाने लावता येईल. सगळ्या बागेला एकाच दिवशी एकच औषध मारण्यात निम्मं औषध चुकीच्या अवस्थेवर पडतं. पैसे तर जातातच, वर किडीला त्या औषधाची सवय लागते.

कोवळ्या पालवीवर तुडतुडे आधी बसतात, तिथूनच ते पुढे मोहोरावर जातात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोराआधीची पहिली फवारणी याच अवस्थेसाठी आहे: डेल्टामेथ्रिन २.८ टक्के, १० लिटर पाण्याला ९ मिलि. पाने, फांद्या आणि खोडही भिजवायचं, कारण तुडतुडे खोडाच्या सालीच्या फटीत दडून बसतात. मोहोर फुटू लागल्यावरच्या फवारण्यांत इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिलि. भुरीसाठी, म्हणजे मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, त्यातच हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, १० लिटरला ५ मिलि. ढगाळ हवा सलग राहिली तर तुडतुडे भराभर वाढतात, म्हणून अशा दिवसांत दोन दिवसांआड मोहोराची दांडी हातात धरून बघा. पण पाऊस चार-सहा तासांवर असताना फवारू नका, सगळं वाहून जातं. पाऊस पडून गेल्यावर मात्र मोहोरावर करप्याचे काळे ठिपके दिसतात का ते तपासून बुरशीनाशकाचा निर्णय घ्या.

थ्रिप्स म्हणजे फुलकिडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. हल्ली बागायतदारांच्या बैठकीत दुसरा विषय निघत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं पुन्हा पुन्हा मारली की फुलकिडीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि फुलकीड मात्र उसळते. मग आणखी जहाल औषध, मग दोन औषधांचं मिश्रण, मग दुकानदाराने दिलेली बिननावाची बाटली. बिननावाच्या बाटलीवर काय लिहिलं नाही याचा विचार करा: त्यात काय आहे, काढणीआधी किती दिवस थांबायचं, आंब्यावर वापरायला परवानगी आहे की नाही. फुलकिडीसाठी विद्यापीठाने स्पिनोसॅड ४५ टक्के (१० लिटरला २.५ मिलि) किंवा थायामेथोक्झाम २५ टक्के (१० लिटरला २ ग्रॅम) सुचवलेलं आहे. एकच औषध लागोपाठ दोनदा नको. फवारण्याआधी पांढरा कागद मोहोराखाली धरून दांडी झटका. कागदावर बारीक पिवळसर किडी पळताना दिसल्या तरच पंप काढा. हे साधं काम आहे, पण बागायतीतल्या किती जणांनी गेल्या वर्षी केलं, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावं.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये, हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे तो मोडतात. हापूसचं परागकण हापूसला फारसं चालत नाही. दुसऱ्या जातीचं परागकण मिळालं तर फळधारणा सुधारते, आणि ते आणणार कोण? सातेरी, फुलोरी मधमाश्या आणि त्याहून जास्त साध्या माश्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या बागांत पायरी, रायवळ, मानकूर मध्ये मध्ये असायचे. गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, करवंद, कुडा, धायटी होती. नंतर आपण रायवळ तोडून इमारतीचं लाकूड केलं, गडगा तासून काढला आणि शंभर टक्के हापूस लावला. वर मोहोरात फवारणी. आता कणी, म्हणजे मोहोरातलं बारीक फळ, धरत नाही म्हणून संप्रेरकाची बाटली विकत आणतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी बागेत पाच ते दहा टक्के केसर, रत्ना, पायरी किंवा गोवा मानकूर ठेवावेत. नवीन झाड लावायला जागा नसेल तर येत्या पावसाळ्यात दहा कलमांमागे एका हापूसच्या फांदीवर दुसऱ्या जातीची काडी बांधून घ्या. गडग्याची झुडपं निदान मोहोर संपेपर्यंत तोडू नका. लाल मुंग्यांची, म्हणजे ओंबिलांची घरटी दिसली की लगेच जाळायची सवय आहे. काढणीला त्या चावतात हे खरं, पण पालवी खाणाऱ्या अळ्याही त्याच उचलतात. काढणीच्या कलमांवरची उतरवा, बाकीची राहू द्यात.

बांडगुळाचं काम मात्र याच दिवसांत उरकून घ्या. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खाऊन चिकट बी फांदीवर पुसतो आणि बांडगूळ पसरतं. नुसतं वरचं वरचं छाटून उपयोग नाही. ते जिथे रुतलं आहे त्याच्या खालून फांदी कापावी लागते.

आता पुनर्मोहोर. डिसेंबरात मोहोर आला, कणी धरली, आणि जानेवारीत अचानक थंडी वाढली तर त्याच काडीवर पुन्हा मोहोर निघतो. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि वाटाण्याएवढी झालेली कणी गळून खाली सडा पडतो. विद्यापीठाने यासाठी जिब्रेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम, असं प्रमाण दिलेलं आहे. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यायची. याचा उपयोग पहिल्या मोहोरावर वेळेत फवारलं तरच होतो. कणी गळून गेल्यावर फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं. पांढऱ्या पट्ट्याच्या कलमांकडे म्हणून आधी लक्ष द्या.

थंडीपेक्षा उन्हाची भीती मात्र मला जास्त वाटते. कोकणात फेब्रुवारीत पारा का चढतो ते लक्षात घ्या: पूर्वेकडून कोरडे वारे जोरात वाहू लागले की दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा उशिरा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात जमीन तापून निघते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर हवामान खात्याला मुंबई, रायगड, रत्नागिरीसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला होता, तेव्हा थंडी संपून जेमतेम काही दिवस झाले होते. अशा वेळी कणी पिवळी पडून गळते, सुपारीएवढ्या फळाच्या सालीवर भाजल्याचे डाग उठतात. तीन गोष्टी हातात आहेत. पहिली, पाणी: फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, दर कलमाला १५० ते २०० लिटर, बुंध्याजवळ नव्हे तर विस्ताराच्या घेराखालच्या आळ्यात. काढणीच्या महिनाभर आधी बंद. दुसरी, पातेरा: बागेतला पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, गोळा करून जाळू नका, आळ्यात पसरा, वर भाताचा पेंढा टाका. दिलेलं पाणी त्याखाली टिकतं. तिसरी, पिशवी: फळ अंड्याएवढं झालं की २५ बाय २० सेंमीची कागदी पिशवी चढवा. फळमाशी, डाग आणि साका (फळाच्या आतला गर खराब होणं), तिन्ही कमी होतात, रंगही एकसारखा येतो. मजुरी लागते, म्हणून सगळ्या बागेला परवडणार नाही. हाताला येणाऱ्या फांद्या आणि पश्चिमेकडची उन्हाची बाजू एवढ्यावर सुरुवात करा. फळमाशीसाठी हेक्टरी चार रक्षक सापळे टांगा आणि गळलेली फळं रोज उचला.

पोटॅशियम नायट्रेटच्या १ टक्का फवारणीने (१० लिटरला १०० ग्रॅम) फळगळ कमी होते, पण ती सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर.

वणव्याचं काम पुढे ढकलू नका. कातळावरचं गवत जानेवारीत सुकतं आणि एक विडीचं थोटूक पुरतं. डिसेंबरअखेर बागेच्या चौफेर तीन-चार मीटर रुंद पट्टा गवत काढून मोकळा करा, विजेच्या तारांखालचा तर नक्कीच. शेजारच्या पडीक जमिनीचा मालक मुंबईत असेल तर त्याला फोन करून, परवानगी घेऊन त्याच्याही बाजूने काढा. वाद नंतर घालता येतो, कलम नंतर उभं राहत नाही.

विमा: हवामान आधारित फळपीक विम्याची आंब्याची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर असते. यंदाची तारीख गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) पक्की करून घ्या, शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल चालत नाही हा सगळ्यांचा अनुभव. भरपाई तुमच्या बागेत काय झालं यावर ठरत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने किती पाऊस आणि तापमान नोंदलं यावर ठरते. ते केंद्र कुठे आहे आणि ते घराच्या सावलीत किंवा झाडाखाली तर नाही ना, हे गावाने मिळून जाऊन बघावं. तक्रार करायची तर हंगामाआधी, लेखी.

काढणीचा हिशेबही बदलावा लागेल. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आंबा झाडावर ठेवण्याची चैन आता परवडणारी नाही. २०२१ मध्ये १६ मेच्या सुमारास 'तौक्ते' वादळाने झाडावरचा तयार आंबा जमिनीवर आणला. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊसच २५ मे रोजी देवगडपर्यंत येऊन ठेपला होता. उशिराच्या मोहोराची, म्हणजे लाल पट्ट्याची कलमं ज्यांच्याकडे जास्त आहेत, त्यांनी कॅनिंगवाल्याशी बोलणी एप्रिलमध्येच करून ठेवावीत. २० मेनंतर जे उरेल ते बोनस समजा, त्यावर कर्जाचा हप्ता बांधू नका. लांबच्या बाजारासाठी आंबा १४ आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झाला की उतरवा, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून, सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर ओतू नका. सावलीत, पेंढ्यावर ठेवा. साका वाढण्यात त्या तापलेल्या जमिनीचा मोठा वाटा आहे.

शेवटी कल्टारबद्दल, म्हणजे मोहोर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी देतात त्या पॅक्लोब्युट्राझोलबद्दल, कारण प्रश्न हमखास येतो. ते देण्याची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, प्रमाण कलमाच्या विस्ताराच्या व्यासाप्रमाणे दर मीटरला ३ मिलि. ऑक्टोबरात 'यंदा उशीर झालाय' म्हणून देणं किंवा 'गेल्या वर्षी लागलं नाही' म्हणून दुप्पट देणं, दोन्ही चूक. ज्या कलमांना लागोपाठ काही वर्षं दिलं आहे, ज्यांची पालवी आखूड, गुच्छासारखी निघते आहे, त्यांना येत्या जुलैत देऊ नका. त्याऐवजी काढणी झाल्यावर मधली एखादी उभी फांदी काढून आत ऊन जाऊ द्या, शेणखत घाला आणि त्या कलमांच्या बुंध्यावर आत्ताच तिसऱ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवा, म्हणजे पावसात मजूर औषध द्यायला निघतील तेव्हा ती कलमं सोडून पुढे जातील.