घर विकायचंय? रंगाचा डबा उघडण्याआधी ओल शोधा

जुना फ्लॅट बघायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक हॉलमधल्या टाइलचं कौतुक करत बसत नाही. ते मान वर करून छताचे कोपरे बघतं, खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवतं आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीशी वाकतं. तिथे पोपडे दिसले की भाव पडतो. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर आणखी पडतो, कारण काहीतरी झाकलंय हे लगेच कळतं. म्हणून विक्रीची तयारी रंगापासून सुरू करू नका. ती पाण्यापासून सुरू होते, आणि पाण्याची कामं ऋतू बघूनच करावी लागतात.

मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पुण्यातही फार फरक नाही. विकणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मात्र दसरा-दिवाळी असते. दसरा बऱ्याचदा पाऊस पुरता जायच्या आत येतो, त्याआधी पितृपक्ष. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून रंगकाम उरकून घ्यायचा मोह होतो. घर कोरडं असेल तर खुशाल उरका. पण भिंतीने पाणी धरलं असेल, तर विटांची भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा ढोबळ ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत गेली तरी चार-साडेचार महिने गेले. म्हणजे ऑक्टोबरात पाऊस थांबला की फेब्रुवारी उजाडतो. ओल धरणारं घर असेल तर दिवाळीचा नाद सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग देऊन गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा हंगाम धरा. ओल्या भिंतीवर मारलेला रंग दोन-तीन महिन्यांत फुगतो, आणि तेव्हा व्यवहार नेमका बयाणा आणि नोंदणी यांच्या मध्ये अडकलेला असतो.

ओल कुठून येते ते आधी ठरवा

भिंतीवरचा डाग पावसाळ्यातच ओला होतो की बारा महिने, हा पहिला प्रश्न. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख टाका. एप्रिल-मेमध्येही डाग रेघेबाहेर सरकत असेल तर पावसाचा संबंध नाही. वरच्या मजल्याची नहाणी किंवा भिंतीतला पाइप बघा. जून-जुलैमध्येच सरकत असेल तर बाहेरची भिंत, छज्जा, खिडकी किंवा गच्ची.

ओल भिंतीतूनच येते की खोलीतल्या दमट हवेची, हेही तपासता येतं. फूटभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर दोष हवेचा: बंद खिडक्या, घरात वाळत घातलेले कपडे, भिंतीला चिकटून उभं केलेलं कपाट. कपाट चार बोटं पुढे ओढणं आणि बाथरूमला एक्झॉस्ट पंखा लावणं हा तिथला इलाज. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवू नका.

वरच्या नहाणीचा संशय असेल तर वरच्या घरच्यांना विनंती करून नहाणी ट्रॅपचं (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचं) तोंड चिंधीने बंद करा आणि जमिनीवर दोन-तीन इंच रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर लादीच्या सांध्यातून किंवा ट्रॅपच्या गळ्याशी गळती आहे. रंग उतरला नाही आणि डाग तरी ओलाच, तर पाण्याच्या पाइपवर संशय घ्या. प्लंबरकडून लाइन बंद करून दाबाची चाचणी करून घ्या. वरचा शेजारी आणि तुम्ही एकाच जिन्याने ये-जा करता, त्यामुळे चाचणी झाल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नका. अर्धे तंटे चुकीच्या निदानातून होतात.

गच्ची: एप्रिल-मेमधलं काम

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर छताला उतरणाऱ्या गच्चीच्या पाण्याची आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) तसं आहे. तोंडी सांगून भागत नाही. फोटो जोडून मार्च-एप्रिलमध्येच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात ठेकेदार मिळत नाही, आणि मिळाला तरी वाळायला दिवस उरत नाहीत.

गच्चीची खरी परीक्षा पाणी साठवून होते. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करा, सर्वांत उंच भागावरही इंचभर येईल इतकं पाणी भरा आणि पॅरापेटवर पातळीची खूण करा. ४८ तास थांबा. मेच्या उन्हात पाणी नुसतं वाफ होऊनही उतरतं, म्हणून गच्चीवरच एक बादली भरून ठेवा आणि तिच्यातही खूण करा. बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाचं. त्याहून जास्त उतरलं ते कोब्याच्या, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराच्या, पोटात गेलं. मात्र इमारत जुनी असेल तर स्लॅबवर एवढं वजन टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

गळती बहुतेक वेळा मोकळ्या मधल्या भागातून होत नाही. ती कोबा आणि पॅरापेट मिळतात त्या कडेने, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी आणि डिश अँटेना किंवा सोलरच्या पायांसाठी पाडलेल्या भोकांशी होते. कडेला गोलाई म्हणजे वाटा नसेल तर तो आधी करून घ्या, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचं कोटिंग ताणलं जाऊन फाटतं. कोटिंग लावताना पृष्ठभाग खडखडीत वाळलेला हवा. आधी प्रायमर, मग पहिला हात. सांध्यांवर तो ओला असतानाच फायबरची जाळी बसवायची, आणि दुसरा हात पहिल्याला आडवा मारायचा. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं; ठेकेदार ते संध्याकाळपर्यंत आटपायच्या नादात पाळत नाही, म्हणून स्वतः उभं राहा. पाणी जायला पाइपाकडे १०० ला १ तरी उतार हवा. उतारच नसेल आणि डबकं साचत असेल तर महागड्या कोटिंगचाही टिकाव लागत नाही.

पॅरापेटच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोपटं ओढून तोडलं की मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटतं. प्लास्टर खरवडून मूळ जिथवर जाईल तिथवर काढावं लागतं.

खिडकी: दहा मिनिटांची तपासणी

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून ती असतात. धूळ, कबुतरांची पिसं आणि रंगाऱ्याची पुट्टी यांनी ती बुजतात. मग पट्टी भरते आणि पाणी आत, खिडकीखालच्या भिंतीत उतरतं. पट्टीत एक मग पाणी ओता आणि बघा. बाहेर धार लागली तर ठीक. पाणी तसंच उभं राहिलं तर भोकात तार घाला, जुन्या टूथब्रशने पट्टी घासा आणि पुन्हा ओता. खिडकीखालच्या ओलीच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

चौकट आणि भिंत यांच्यामधलं जुनं सिलिकॉन सुटलं असेल तर त्यावरच नवं ओढू नका. धुळीवर ते धरत नाही. जुनं कटरने पूर्ण काढा, फट कोरडी करा आणि मग न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट चिकटत नाही. बाहेरचा कठडा आतल्या बाजूला उतरता असेल तर तोही सुधारून घ्या.

पोपडे आले तिथे

नुसते पोपडे खरवडून पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात. गळती बंद झाल्याची खात्री झाल्यावर ओल दिसते त्याच्यापुढे सगळीकडून फूटभर प्लास्टर विटांपर्यंत काढा. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. नवं प्लास्टर सिमेंट-वाळूचं, १ ला ४ या प्रमाणात. त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रावण घालायचं. ५० किलोच्या गोणीला साधारण २०० मिली लागतं, पण डब्यावरचं प्रमाण अंतिम. ओल येऊ शकते अशा भिंतीला जिप्सम प्लास्टर लावू नका. ते दिसतं गुळगुळीत, पण पाण्याने मऊ पडतं.

किमान सात दिवस पाणी मारायचं आणि रंगासाठी २८ दिवस थांबायचं. त्यानंतर पुट्टीचे दोन पातळ हात (दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको, जाड थर तडकतो), घासणं, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. ही सगळी साखळी दीड महिन्याची आहे. 'आठ दिवसांत फ्लॅट नवा करून देतो' म्हणणारा नेमकं काय गाळणार आहे, ते यावरून कळेल.

छताचं प्लास्टर फुगून आतली गंजलेली सळई दिसत असेल तर पीओपीचं छत लावून ती झाकू नका. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फोडत तो वाढतच राहतो. सुटं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर असं रीतसर काम इंजिनिअरच्या देखरेखीखाली करून घ्या आणि बिल जपा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीला दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तो अहवाल गिऱ्हाईक मागणारच.

दारं, लाद्या, वायरिंग

जुलैत दार घासायला लागलं की सुताराला बोलावून रंधा मारू नका. लाकूड ओलीने फुगलेलं असतं. हिवाळ्यात ते आक्रसलं की तिथे बोटभर फट पडते. बिजागरीचे स्क्रू आवळा, तात्पुरतं मेण घासा आणि डिसेंबरात दाराच्या वरच्या व खालच्या कडेला वॉर्निश द्या. या दोन कडा नेहमी कोऱ्या सोडलेल्या असतात आणि पाणी तिथूनच पितात. बाथरूमची लाकडी चौकट तळाशी कुजली असेल तर भरून-रंगवून चालवू नका. स्क्रूड्रायव्हर टोचून बघणारे गिऱ्हाईक असतातच. ग्रॅनाइटची चौकट बसवा. चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. पेस्ट कंट्रोलवाला येईपर्यंत त्या झाडू नका, माग त्यांच्यावरूनच काढता येतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग सिरॅमिक टाइलवरून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतात. म्युरिॲटिक ॲसिड डाग काढतं आणि टाइलांच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. मग त्याच सांध्यातून खाली गळती. शहाबाद, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचे. त्यांच्यावर लिंबूसत्त्वही नको, चमक कायमची जाते. बुरशीवर ब्लीच वापरत असाल तर ते ॲसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. लादीवर नाण्याने ठोका. बद्द आवाज येईल ती सुटलेली.

मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. तो लगेच पडला पाहिजे. गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. दिव्यांच्या दीडच्या वायरीवर गीझर चालवलेला आढळला तर बदलून घ्या. नवा मॉड्युलर ओटा, नवी फर्निचरची भिंत मात्र करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीने ते तोडतो, तुमचा खर्च भावात परत येत नाही.

कागद

पहिल्या खरेदीपासूनची करारनाम्यांची साखळी, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची शेवटची पावती आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला एका फायलीत लावा. महानगरपालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर फी) जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं; 'देणगी'च्या नावाने त्यावर मागणी झाली तर ती लेखी मागा. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो. तो आकडा आधीच हिशोबात धरा. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि जड आहेत, सीएला आधीच गाठा. गळतीच्या दुरुस्तीची बिलं आणि आधी-नंतरचे फोटोही त्याच फायलीत ठेवा. डाग होता, कारण हे होतं, इलाज हा केला, असं कागदासह सांगितलं की घासाघीस आटोक्यात राहते.

घर दाखवायच्या काळात ते रिकामं असेल तर नहाणी, सिंक आणि ड्राय बाल्कनीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट घरात येतो. गिऱ्हाईकाला तो ड्रेनेजचा दोष वाटतो. दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये एक मग पाणी ओता. महिनाभर कुणी जाणार नसेल तर वरून चमचाभर खोबरेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. कमोडचा फ्लशही त्याच फेरीत एकदा ओढा.