१९१४ चा क्वाक्वाक्यवाक्व मूकपट: रिळापासून पडद्यापर्यंत

एडवर्ड कर्टिसच्या 'इन द लँड ऑफ द हेड हंटर्स' या मूकपटात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाक्यवाक्व लोकांनी भूमिका केल्या. २००८ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला तो शिकागोच्या फील्ड म्युझियमकडची १६ मिमी नक्कल आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या अभिलेखागारातली ३५ मिमीची नायट्रेट (जुन्या, सहज पेट घेणाऱ्या फिल्मची) रिळं जुळवून. अशा जीर्णोद्धाराच्या कामाची सुरुवात फिल्मच्या डब्यापासून होते.

डबा उघडताच उग्र आंबूस वास आला, फिल्म चिकट लागली किंवा फेसाळलेली दिसली, तर ते रीळ लगेच वेगळं करा. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतं. पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. म्हणून प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह नको. हाताने सावकाश गुंडाळा, सुटलेले जोड नोंदवा. मग आकसणं मोजा: नव्या फिल्मच्या १०० फ्रेम्सच्या लांबीत जुन्या १०१ बसल्या, तर ते जवळपास १ टक्का. त्यापुढे स्प्रॉकेटचे (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात कडेची छिद्रं फाडतात. दात नसलेलाच स्कॅनर घ्या. वेट-गेटमधला (स्कॅन होताना फिल्म द्रवात भिजवणाऱ्या भागातला) द्रव फिल्मच्या पाठीवरचे ओरखडे भरून काढतो, इमल्शन (चित्र धरणारा थर) खरवडलं असेल तर मात्र नाही.

स्कॅन रंगीतच करा. मूकपटांची फिल्म रंगवण्याच्या दोन पद्धती होत्या: टिंटिंगने उजळ भाग रंगतात, टोनिंगने गडद. कृष्णधवल नकलेत दोन्ही हरवतात. गाळलेल्या जागा लपवू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. या चित्रपटात हरवलेल्या प्रसंगांच्या जागी कॉपीराइटसाठी जमा केलेल्या स्थिर फ्रेम्स घातल्या आहेत. प्रेक्षकाला तूट दिसते, कथाही तुटत नाही.

वेगात बहुतेकांची चूक होते. ३५ मिमीचं १००० फूट रीळ सेकंदाला १६ फ्रेम्सना १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ला जेमतेम ११ मिनिटं. मग नाचणारे धावताना दिसतात. २४ च्या डीसीपीत (चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रतीत) १८ चा वेग हवा असेल तर दर तिसरी फ्रेम दोनदा घाला. या चित्रपटासाठी संगीतकार जॉन ब्रॅहम यांनी लिहिलेली मूळ स्वरलिपी सापडली आहे. वादकांची तालीम याच ठरलेल्या वेगावर घ्या.

प्रदर्शनाची तारीख ठरवण्याआधी क्वाक्वाक्यवाक्व समाजातल्या जाणत्यांना बसवून पूर्ण प्रत दाखवा. काही नृत्यं आणि मुखवटे विशिष्ट घराण्यांचे वारसाहक्क आहेत. शिवाय चित्रीकरणाच्या काळात कॅनडात पॉटलॅच या त्यांच्या भेटवस्तू वाटण्याच्या समारंभावर बंदी होती. ती १८८५ ते १९५१ चालली. मुंडकी कापण्याची कथा कर्टिसने रचलेली आहे, नृत्यं मात्र क्वाक्वाक्यवाक्व लोकांची स्वतःची. हा फरक चित्रपट सुरू होण्याआधी, शक्यतो त्यांच्यातल्याच कुणाकडून, सांगितला जावा.