'अल्टरनेटर गेला' म्हणाले? नवा घेण्याआधी एवढं करून बघा

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, 'अल्टरनेटर गेलाय, नवा टाकावा लागेल.' अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग. तो अख्खा मात्र क्वचितच जातो. त्यातले फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजतात, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर जळतो, एसीचा डीसी करणारा एखादा डायोड उडतो, नाहीतर बेअरिंग वाजायला लागतं. बहुतेक गाड्यांचे हे भाग सुटे मिळतात. आणि कित्येकदा दोष अल्टरनेटरमध्ये नसतोच. बेल्ट, फ्यूज किंवा गंजलेलं टर्मिनल यांपैकी कुणीतरी घोटाळा केलेला असतो. म्हणून पहिला खर्च मल्टीमीटरवर करा. साधा, स्वस्तातला डिजिटल चालतो.

एक सांगून ठेवतो. इथली माहिती नेहमीच्या बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. मारुतीच्या एसएचव्हीएससारख्या माइल्ड हायब्रिड गाडीत अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर-जनरेटर असतो. त्याच्या वाटेला घरी जाऊ नका.

आधी मोजा

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी, चावी न लावता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे ती बसलेली आहे. बसलेली असेल तर आधी बॅटरीच्या दुकानातून चार्ज करून आणा. मेलेली बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर टाकलं की तो तापतो, आणि बाकीची मापंही फसवी येतात.

आता इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. मग हेडलाइट, ब्लोअर आणि असेल तर मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं एकदम लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३ च्या वर टिकला पाहिजे.

इंजिन चालू असूनही आकडा सकाळचाच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. तशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरी उकळते आणि बल्ब उडतात. रिकामं असताना बरोबर पण लोड टाकला की धपकन खाली, असं झालं तर बेल्ट किंवा डायोड. डायोडची खात्री करायची तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना, बॅटरीवरच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की डायोड प्लेटवर संशय घ्या.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचं नियंत्रण ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, करतो. तिथे मधूनच १२.८ दिसलं तर घाबरू नका. हेडलाइट लावून परत बघा.

काही जुने मिस्त्री चालू इंजिनवर बॅटरीची वायर उपटून बघतात, गाडी बंद पडली तर म्हणे अल्टरनेटर खराब. अ‍ॅम्बॅसॅडरच्या काळात हे खपून जायचं. आताच्या गाडीत वायर काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. कुणी असं करायला लागलं तर हात धरा.

मग बाहेरचं सगळं बघा

बेल्टवर आडव्या भेगा, चकाकी किंवा तेल दिसतंय का? लोड टाकल्यावर चीं-चीं आवाज येतो का? बेल्ट बदलणं हे अल्टरनेटरच्या मानाने किरकोळ काम. ऑटो टेन्शनर नसलेल्या गाडीत बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबावा. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात मिळेल.

चावी ऑन, इंजिन बंद: लाल दिवा लागला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर जागा होण्यासाठीचा पहिला करंट या दिव्यातूनच जातो. दिवा लागलाच नाही तर बल्ब, अल्टरनेटरच्या मागचा छोटा प्लग किंवा ब्रश, या तिघांपैकी कुणीतरी.

नंतर मुख्य फ्यूज. बॅटरीजवळच्या डबीत जाडजूड असतो. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीवर १५-१६ व्होल्ट आणि बॅटरीवर १२, असं चित्र असेल तर फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय. शेवटी अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणी, तपासा: इंजिन चालू, लोड चालू, मल्टीमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. दशांश दोनपेक्षा जास्त व्होल्ट आले तर अर्थिंगची पट्टी सोडून, घासून, घट्ट बसवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खायचा सोडा आणि कोमट पाणी पुरतं.

काढताना

बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी काढायची, सगळ्यात शेवटी लावायची. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर इंजिन बंद असतानाही जिवंत असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला की ठिणग्यांचा पाऊस. बेल्ट काढण्याआधी तो कुठून कसा फिरतो याचा मोबाइलवर फोटो घ्या. मग प्लग, जाड वायर आणि वरचे-खालचे बोल्ट. काही गाड्यांत अल्टरनेटर इतका खाली असतो की गाडी उचलावी लागते. तशी सोय नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोडा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

उघडल्यावर

बऱ्याच लहान गाड्यांत मागचं कव्हर काढलं की ब्रश आणि रेग्युलेटर समोरच दिसतात, बाकी काही खोलावं लागत नाही. होल्डरबाहेर आलेला ब्रश ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदला. काही होल्डरमध्ये ब्रशची तार झाळलेली असते. ती झाळताना कथिल थोडंच वापरा. ते तारेत वर चढलं की तार ताठ होते, ब्रश अडकतो आणि नवा असूनही स्लिप रिंगला, म्हणजे रोटर या आतल्या फिरत्या भागावरच्या कड्यांना, टेकत नाही. झाळल्यावर ब्रश बोटाने दाबून सोडा. तो टुणकन बाहेर यायला हवा.

तांब्याच्या दोन्ही स्लिप रिंग काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून चमकवा. बोटाला खोल खाच लागली तर मात्र रिंग बदलावी लागेल. दोन रिंगांमध्ये सहसा २ ते ५ ओहम येतात. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र मीटरने जोडणी दाखवता कामा नये. रोटर हाताने फिरवून बघा, खरखर आली तर बेअरिंग. त्याचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. फक्त पैसे वाचतात म्हणून बिननावाचं बेअरिंग घेऊ नका, परत सगळं खोलायची पाळी येते.

डायोड प्लेट आणि बेअरिंगचं काम बाहेरून करून घेतलेलं बरं. स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर वाइंडिंगच्या, जाड तारा झाळायला घरची छोटी सोल्डरिंग गन पुरत नाही, आणि पुलीचा नट इम्पॅक्ट गनशिवाय दाद देत नाही. अल्टरनेटर स्वतः काढून नेलात तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. जुने सुटे भाग परत मागा.

आत तेल किंवा कूलंट दिसलं तर ते वरून कुठून गळतंय ते आधी शोधा. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून थेंब पडत राहिले तर नवे ब्रशही लवकरच चिकट होतील. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर आतला चिखल धुऊन, पूर्ण वाळवूनच जोडा.

वाइंडिंग जळलं असेल तर

वार्निश जळल्याचा उग्र वास आणि काळ्या पडलेल्या तारा ही त्याची खूण. रिवाइंडिंग करणारे भेटतील, पण लहान गाडीसाठी मला ते पटत नाही. त्यात ब्रश-बेअरिंग धरलं की खर्च रिबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून परत विकलेल्या, अल्टरनेटरच्या जवळ जातो. जुना देऊन रिबिल्ट घेणं हा मधला मार्ग. भंगारातला सर्वांत स्वस्त, मग तो मुंबईत कुर्ल्याला शोधा नाहीतर तुमच्या गावच्या स्क्रॅपवाल्याकडे. मात्र जुना अल्टरनेटर सोबत न्या आणि शेजारी ठेवून जुळवा: लेबलवरचा पार्ट नंबर, अ‍ॅम्पिअर, पुलीवरच्या खाचा, प्लगच्या पिना, बोल्टचे कान. अ‍ॅम्पिअर थोडे जास्त चालतील, कमी नकोत. 'नाही चालला तर परत' हे पावतीवर लिहून घ्या.

बसवल्यावर पहिल्यासारखीच सगळी मापं घ्या. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतो, काही दिवसांनी ताण पुन्हा बघा.

रस्त्यातच लाल दिवा लागला तर

आधी इंजिनचं तापमान बघा. काही गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. बेल्ट तुटला असेल तर काटा चढेल, आणि मग तिथेच थांबायचं. तापमान ठीक असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचं चार्जिंग, सगळं बंद करा. चांगली बॅटरी दिवसा अर्धा-पाऊण तास तरी ओढते. मध्ये चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा स्टार्टर फिरवायला बॅटरीत जीव उरलेला नसेल. रात्री हेडलाइट पिवळे पडायला लागले की वाट न बघता उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर, गाडी आत घ्या.