ग्रामसभेत आपले मत कसे नोंदवावे

आठवडे बाजाराचे मोडके ओटे, बाजारकराचा विनियोग किंवा गाळ्यांचे भाडे यांविषयी पारावर कितीही पोटतिडकीने बोलले, तरी ते सभेच्या इतिवृत्तात आल्याशिवाय त्याला वजन येत नाही. म्हणून सभेपूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ही पोच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण गटाराविषयी मी तोंडी मांडलेला मुद्दा एकदा इतिवृत्तातून गळून गेला होता.

अर्जात एकच विषय ठेवावा. ‘बाजाराची अवस्था वाईट आहे’ असे मोघम न लिहिता, पावसाळ्यात भाजीवाल्या बायका चिखलावर गोणपाट अंथरून बसतात आणि पावती मात्र प्रत्येकीची फाटते, असे डोळ्यांनी पाहिलेले लिहावे. मग गेल्या वर्षी बाजारकर किती जमा झाला व त्यातून बाजारावर किती खर्च झाला, हे विचारावे.

गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, तेव्हा शेजाऱ्यांनाही सोबत न्यावे. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा होते. विक्रेत्या महिलांनी हा विषय तिथेही मांडावा. ठराव वाचून दाखवला जाईपर्यंत मात्र कोणी उठू नये.