सेमी-हॉलो गिटारची खरखर आणि सुरात न राहणारी 'जी' (G) तार

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत माझ्या सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ बॉडीच्या) गिटारच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खरखरू लागल्या आणि 'जी' तार बेंड केल्यावर (बोटाने बाजूला ताणल्यावर) पुन्हा सुरात येईना. अशा वेळी ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) वर उचलण्याचा मोह होतो. परंतु खरखर सुरुवातीच्याच फ्रेटवर असेल, तर आधी नेक (गिटारची दांडी) तपासावी, असे माझे मत आहे.

नव्या तारा सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) बसवला, जाड ई तार नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबली आणि सातव्या फ्रेटपाशी पाहिले, तर तार फ्रेटला चक्क टेकली होती, म्हणजे नेकचा हलका बाक नाहीसा झाला होता. ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेऱ्याहून कमी फिरवून, पुन्हा सूर लावून मोजल्यावर सुमारे ०.२५ मिमी फट मिळाली आणि खरखर थांबली.

'जी' तार पिळताना नटपाशी (नेकच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) 'टिंग' असा आवाज येत होता, म्हणजे ती खाचेत अडकत होती. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासताच ती मोकळी झाली. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून मिळणाऱ्या स्वरापेक्षा) चढा लागत असल्याने तिचे सॅडल (ब्रिजवरचा तिचा सरकता आधार) टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या मागच्या भागाकडे) सरकवले.

जॅकचा (केबल जोडण्याच्या जागेचा) बाहेरचा आवळायचा नटही सैल होता. तो आवळताना आतला जॅक फिरू देऊ नये, कारण वायर तुटल्यास या गिटारला मागे झाकण नसल्यामुळे सारे काम एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या छिद्रातून) करावे लागते.