वेढ्याच्या नजरेने पन्हाळा: एका दिवसात गड पायी कसा पाहावा

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्यावर गाडी थेट गडमाथ्यापर्यंत जाते, आणि बहुतेकांची सहल तिथेच बिघडते. गाडीतून एकेका ठिकाणी उतरायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे, असा तासाभराचा फेरा झाला की गड पाहिल्याचे समाधान मिळते. पण सात किलोमीटरहून अधिक तटबंदीचा हा गड कसा लढत असेल, हे काही कळत नाही. २ मार्च १६६० रोजी आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने घातलेला वेढा चार महिन्यांहून अधिक काळ चालला. एवढे दिवस गडावर माणसे जगली ती पाणी, धान्य आणि तट यांच्या बळावर. म्हणूनच आधी दरवाजा पाहून पुढे गड याच क्रमाने पाहावा, असे आमचे मत आहे.

कोल्हापूरहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघावे. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांनी नाक्यावरचा प्रवासी कर भरून गाडी वाहनतळावर लावावी आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावू नये.

आरंभ पश्चिमेकडील ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारापासून करावा. बाहेरच्या आणि आतल्या दरवाजांमधील चौकात उभे राहिले, की आत शिरलेला शत्रू चारही बाजूंनी कसा कोंडला जाई ते ध्यानात येते. आतल्या दरवाजाच्या नक्षीदार चौकटीवर गणेशपट्टी आहे. ती सकाळच्या तिरप्या उन्हात अधिक स्पष्ट दिसते.

तिथून जवळच अंधारबाव आहे. काळ्या दगडातील ही तीन मजली विहीर म्हणजे गडात लपवलेला छोटा गडच. तळाला पाणी, वरच्या मजल्यावर पहाऱ्याच्या शिपायांसाठी कोनाडे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर उघडणारी चोरवाट, अशी तिची रचना आहे. वेढा घालणारा पहिल्यांदा पाण्यात विष कालवील, या धास्तीनेच पाण्यावर असा पहारा बांधून काढला असावा. पायऱ्या ओलसर असतात, त्यामुळे गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालून उतरू नये. एकदा घसरल्यानंतर आम्ही हा नियम कसोशीने पाळतो.

यानंतर अंबरखान्याकडे वळावे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी इथल्या धान्यकोठारांची नावे आहेत. त्यांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी असून तिच्यात २५,००० खंडी (खंडी हे धान्याचे जुने माप) धान्य मावत असे, असे सांगतात. पर्यटक आत डोकावून परततात. आपण मात्र बाहेरच्या जिन्याने छतावर जाण्याची मुभा असल्यास अवश्य जावे. प्रत्येक घुमटाकार खणाच्या माथ्यावर एक भोक आहे. धान्य वरून ओतायचे, त्यासाठी ते ठेवलेले. नंतर आत उतरून तेच भोक खालून पाहिले, म्हणजे काळोखात पडलेला तो उजेडाचा गोल नेमका काय कामाचा होता ते उमगते.

दुपारी ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा आणि दही खावे. गडावरच्या बायका चुलीवर करून देतात ती भाकरी हॉटेलातल्या थाळीपेक्षा केव्हाही सरस. खर्डा मात्र आधी बोटावर घेऊन चाखावा. इथे सुमारे तीन हजार लोक राहतात, तेव्हा अंगणात डोकावणे आणि दारासमोर गाडी लावणे टाळावे. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. घरदुरुस्तीवर आता बंधने येतील की काय, ही काळजीही जेवता जेवता ऐकायला मिळते.

उन्हे कलली की पूर्वेच्या कड्यावरील सज्जाकोठी गाठावी. संभाजी महाराजांना इथेच ठेवले होते असे सांगितले जाते. पावसाळ्यात धुक्यामुळे इथून हातभर अंतरावरचेही दिसत नाही. त्या दिवसांत छत्री वाऱ्याने उलटते, म्हणून रेनकोटच घ्यावा. २०२१च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने गडाचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. निवांत पाहायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

शेवटी राजदिंडी, म्हणजे तटातला लहानसा आडवाटेचा दरवाजा. १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज इथून विशाळगडाकडे निसटले. अरुंद वाटेने थोडे खाली उतरावे आणि मागे वळून तट पाहावा. दिंडी क्षणात दिसेनाशी होते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात, पण त्या वाटेला एक दिवस पुरत नाही आणि वाटाड्याशिवाय जाणे धोक्याचे आहे.

परतताना पायथ्याच्या नेबापूरला थांबावे. त्या रात्री महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांची समाधी तिथे आहे, आणि बहुतेक गाड्या तिच्याजवळून न थांबता पुढे जातात.